उजेडाची कळ आणि लॉग

कळफलकावरच्या कळा एकमेकींशी बोलत, त्या काळची गोष्ट. एका लॅपटॉपवर उजेडाची कळ दाबली तरी पडदा अंधूकच राही. त्यातल्या लिनक्स प्रणालीचा नोंदी ठेवणारा लॉग मात्र दर वेळी इमानाने लिही, ‘अनोळखी कळ दाबली गेली.’

शेवटी मालकीण वैतागली. “बिघडलीय ही, उपटूनच टाकते,” म्हणत तिने पेचकस उचलला.

कळ भडकली. “लॉगदादा, मी बिघडलेय का?”

“छे! तुझ्या क्रमांकाला कामाचं नाव जोडलेलं नाही, इतकंच. उपायही मी दर वेळी लिहितो.”

“मग तिला सांगत का नाही?”

“माझं काम लिहिण्याचं.”

“मग लिहा, उपटली म्हणून!”

लॉग वरमला. त्याने उपायाची ओळ पडद्यावर ढकलली. मालकिणीने वाचून नाव जोडलं आणि पडदा उजळला.

लॉग ऐटीत तेही लिहायला बसला.

“ते राहू द्या,” कळ म्हणाली. “शेजारची आवाजाची कळ कधीची मुकी आहे. तिचं सांगा.”