बिबट्याने काय शिकायचं?

माणसांनी रानात वाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. बिबट्याने कुणाला मारलं की जनावरं उंबराखाली जमत आणि बिबट्याच्या उष्ट्यावर जगणारा कोल्हा मेलेल्याची चूक समजावून सांगे. तित्तिर मोठ्याने ओरडला, ससा उघड्यावर चरला. ऐकणारे माना डोलवत.

एकदा ओढ्यावर हरिणीचं पाडस मारलं गेलं.

"लेकरांनी एकट्याने पाण्यावर जाऊ नये," कोल्हा म्हणाला.

"एकटं नव्हतं, कोल्होबा. मी शेजारीच होते."

"मग तहान आवरायची होती, बाई."

हरिणी उभी राहिली. "त्याची बहीण कालपासून तहानलेली आहे. तिनेही आवरायची? सारखं आम्हीच शिकायचं? बिबट्याने काय शिकायचं, ते सांगा की!"

कोल्हा हसला. "ते कुठे सभेला येतात?"

"मग आम्ही तरी कशाला यायचं?" म्हातारा गवा गरजला आणि ओढ्याकडे निघाला. त्याच्यामागे सांबरं उठली, डुकरं उठली, ससेसुद्धा उठले. तहानलेल्या पाडसाला त्यांनी मधे घेतलं.

बिबट्या काठावरच बसला होता. एवढा जमाव येताना पाहून तो मुकाट्याने उठून गेला.

पाडसाचं पिऊन होईपर्यंत कुणीच पाण्याला तोंड लावलं नाही.