नाक काढण्याचा हुकूम

सोनवडीच्या 'घणघण' दैनिकात मारुती मेस्त्री तीस वर्षं फुगेरावाची चित्रमालिका काढत होते. रोज चार चौकटी, आणि चारही चौकटींत फुगेरावाचं भरल्या वांग्यासारखं नाक. नेमकं तसंच नाक नगराध्यक्ष आबासाहेब ढमाल्यांचं होतं. लोक त्यांना तोंडावर फुगेराव म्हणू लागले, तेव्हा आबासाहेबांनी सही-शिक्क्यानिशी हुकूम धाडला: 'चित्रातले माझे नाक उद्याच्या अंकात काढावे. न काढल्यास छापखान्याला टाळे ठोकू.'

संपादक हुकूम घेऊन मेस्त्रींकडे धावले. "मेस्त्री, छापखाना वाचवा हो!"

"वाचवतो. हुकमात लिहिलंय तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी चार चौकटींची एकच चौकट झाली होती, आणि तिच्यात नुसतं नाक होतं.

आबासाहेब तणतणत दैनिकाच्या कचेरीत आले. "मेस्त्री, मी नाक काढायला सांगितलं होतं!"

"मग काढलं की, आबासाहेब. मी चित्रं काढणारा माणूस. काढा म्हटलं की काढतो. नको होतं, तर पुसा म्हणायचं."

"मग पुसा!"

"तोंडी नको, पुन्हा घोटाळा होईल." मेस्त्रींनी कागद पुढे सरकवला. "लिहा, 'माझे नाक पुसा.' खाली सही करा, शिक्का मारा. हुकूम पहिल्या पानावर छापतो."

आबासाहेबांनी पेन उचललं, वाक्य मनातल्या मनात वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

आज मेस्त्री नाहीत, आबासाहेबही नाहीत. छापखान्याच्या दारावर मेस्त्रींनी चिकटवलेलं ते नाकाचं चित्र मात्र अजून आहे. टाळं काही लागलं नाही.