वसुमती राणीने नाव घेतले

एका राज्यात, डोंगरांच्या ओंजळीत, एक तळे होते. तळ्याकाठी नगर होते, नगराच्या मध्यावर वड होता आणि वडाला दगडी पार होता. फार पूर्वी शौनक नावाचे ऋषी त्या नगरात आले. त्यांनी कुणाला शाप दिला नाही, कुणाकडे भिक्षा मागितली नाही. पारावर बसले आणि म्हणाले, "सांगा." लोकांनी सांगितले. कुणी सुख सांगितले, कुणी दुःख. ऋषी ऐकत राहिले. त्यांनी ऐकलेले दुःख हलके होत असे. जाताना राजाला म्हणाले, "माझ्यापाशी नावाखेरीज द्यायला काही नाही. ते घ्या. ज्याला ते द्याल, त्याचं काम एकच. ऐकावं."

तेव्हापासून त्या राजकुळात आजोबांचे नाव नातवाला जाई आणि एका पिढीआड शौनक जन्मे. शौनक राजा दर सोमवारी पारावर बसे. सांगणाऱ्याचे सांगून संपेपर्यंत उठत नसे.

अशा कुळात वसुमती सून म्हणून आली. देवाधर्माची, मऊ बोलण्याची, घेतलेले व्रत पुरे करणारी. तिला मुलगा झाला. बारशाला आत्याबाईंनी पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले, शौनक. बायकांनी आत्याबाईंच्या पाठीवर हौसेने थापा मारल्या, घुगऱ्या वाटल्या, आणि नाव त्या पाळण्यातच राहिले. का राहिले? तर ते सासऱ्यांचे नाव. सून सासऱ्यांचे नाव घेत नाही; ते असताना नाही, ते गेल्यावरही नाही. वसुमती लेकाला 'राजस' म्हणे. सत्यधर राजा वडिलांचे नाव हाकेला कसे वापरणार? तो 'बाळराजे' म्हणे. प्रधान 'युवराज' म्हणत, दासी 'धाकटे सरकार' म्हणत. मुलाला मिसरूड फुटले, पण त्याच्या नावाने त्याला कुणी हाक मारली नाही. सगळ्यांनी मानच राखला. तिथेच चुकले.

मार्गशीर्षातले गुरुवार झाले, उद्यापनाचा दिवस आला. सवाष्णी जेवून गेल्या. तेवढ्यात दारात एक गोसावी उभा राहिला. "माई, दान दे."

"काय देऊ, बाबा?"

"जे तुझ्या घरात आहे, पण कुणी वापरत नाही, ते दे."

राणीला माळ्यावरची तांब्याची भांडी आठवली. उद्यापनाच्या दिवशी याचकाला नाही म्हणू नये. "दिलं," ती म्हणाली. "काय असेल ते घेऊन जा."

गोसाव्याने तळहात पुढे केला. युवराजाच्या दालनातून एक करडा पक्षी उडत आला आणि त्या हातावर बसला. गोसाव्याने तो झोळीत टाकला आणि तो चालू लागला. राणीने त्याला वाकून नमस्कारही केला.

त्या सांजेला युवराज जेवायला आला नाही. खिडकीशी बसला होता. राणीने हाक मारली, त्याने मान वळवली नाही. कानाशी ढोल वाजवला, पापणी हलली नाही. वैद्य आले, तेले झाली, काढे झाले. डोळे उघडे होते, श्वास चालू होता, ऐकणे तेवढे निघून गेले होते.

मग सासऱ्यांचे श्राद्ध आले. भटजी म्हणाले, "महाराज, वडिलांचं नाव उच्चारा." राजाने तोंड उघडले. नाव येईना. भटजींना येईना. आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मीच ठेवलेलं नाव, आणि मलाच सुचू नये." पिंड तसाच राहिला. कावळा फांदीवरून पाहत राहिला, खाली उतरला नाही. नगरातही काही आया दारात येऊन हाक मारायला तोंड उघडत आणि तशाच उभ्या राहत. सोमवारी पारावर लोक जमले, पण सगळे एकदम बोलू लागले. ऐकणारा कुणी नव्हता.

वसुमतीला मात्र नाव आठवत होते. ती राजाला सांगायला उठली, तोच तुळशीच्या कट्ट्यावर भारद्वाज पक्षी येऊन बसला. तांबूस पंख, लाल डोळे.

"थांब, राणी. बोलू नकोस."

"का रे?"

"तो गोसावी नव्हता, काळकेतू मांत्रिक होता. ज्यांनी ज्यांनी ते नाव उच्चारलं होतं, त्यांच्या जिभेवरून त्याने ते पुसलं. तू कधी उच्चारलंच नाहीस. मग पुसणार काय? पण आता घेतलंस, की तुझ्याही जिभेवरून जाईल. एकदाच घेता येईल. ते टेकडीवरच्या त्याच्या झाडाखाली घे. तिथे नावं पक्षी होऊन बसतात. ज्याला कुणी हाक मारत नाही, तेच नाव त्याला राखता येतं. एवढाच त्याचा नियम आणि एवढंच त्याचं बळ."

"वेळ किती आहे?"

"संक्रांतीचा सूर्य मावळेपर्यंत. मग झाडावरचे पक्षी आपापलं घर विसरतील आणि तुझा लेक जन्मभर असाच बसून राहील. आणि ऐक, वाटेत तीन ठिकाणी तुझ्याकडे नाव मागतील. दोन ठिकाणी देऊ नकोस. तिसऱ्या ठिकाणी दिल्यावाचून राहू नकोस."

"तुला एवढं कसं ठाऊक?"

"माझंही नाव ऋषींचं आहे, बाई. मी गोगलगायी खातो, तरी लोक मला पाहून हात जोडतात. मोठं नाव वागवणं काय असतं, ते मला थोडं कळतं."

राणीने सारे राजाला सांगितले, नाव तेवढे सोडून. राजा म्हणाला, "मी सैन्य घेऊन जातो."

राणी म्हणाली, "सैन्याला नाव ठाऊक नाही, महाराज. मला आहे." तिने तिळगुळाची पुरचुंडी कमरेला खोचली, देवाला नमस्कार केला आणि निघाली.

चालता चालता नदी लागली. काठावर होडी होती आणि होडीत भिवरा नावाची होडीवाली होती. तिच्या पायाशी तिचा मुलगा बसला होता. मांडीवर जाळे, डोळे उघडे, नजर कुठेच नाही. हीच नजर ती घरी ठेवून आली होती.

"पलीकडे नेशील का, बाई?"

"नेईन. भाडं नको. माझ्या पोराचं नाव काय, तेवढं कुणी सांगा. माझ्या डोक्यातून गेलंय."

"कुणी ठेवलं होतं?"

"याच्या बापानं. देवळात पुराण ऐकून आला आणि म्हणाला, ऐकणाऱ्या ऋषीचं नाव ठेवू, पोरगं आपलं ऐकेल तरी."

"ऐकायचा?"

"कसलं ऐकतोय. पण ओ द्यायचा."

आजवर तिला वाटे, ते नाव आपल्या कुळाचे. तिने दारात उभे राहून 'दिलं' म्हटले, त्यात या होडीवालीचेही लेकरू गेले होते. नाव ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले.

"बाई, नाव मला ठाऊक आहे. पण इथे सांगितलं तर दोघींचंही जाईल. मी घेऊन येते."

भिवराने तिच्या हातांतल्या कंकणांकडे पाहिले. "राणी दिसतेस. तुझं आणशील. माझं कशाला आणशील?"

राणीने पदर ओढून कंकणे झाकली.

"बस होडीत," भिवरा म्हणाली. "पण वल्हव तू. माझ्या हातांत आता जीव नाही." राणीने वल्हे घेतले. पलीकडे लागेस्तोवर तळहातांना फोड आले.

पुढे रान लागले. रानात वाट अडवून नाग बसला होता. त्याच्या वेटोळ्यात सोन्याची रास होती, आणि राशीला शाप होता, की हात लावील त्याच्या ओळखीचे सगळे त्याला विसरतील. नागाने फणा काढला.

"नाव घे, तर वाट देतो. हे सोनंही देतो."

राणीने सोन्याकडे पाहिले नाही. बायकांत नाव कसे घेतात, ते तिला सासरच्या उंबरठ्यापासून ठाऊक होते. तिने पदर सावरला आणि म्हटले,

"नागोबाच्या वारुळाला वाहते दूध आणि लाही,
सत्यधररायांचं नाव घेते, आता वाट अडवायची नाही."

नागाने फणा खाली केला. "हे नाव मला नको होतं."

"कुठलं हवं ते तुम्ही सांगितलं नाहीत, नागराज."

नागाने शब्द तर दिला होता. तो बाजूला सरकला आणि पुटपुटला, "बाकी उखाणा चांगला होता. पुष्कळ वर्षांत इथे कुणी घेतला नव्हता."

संक्रांतीचा दिवस कलला, तेव्हा राणी टेकडीवर पोचली. तिथे सावरीचे झाड होते. पान एकही नाही. फांद्या करड्या पक्ष्यांनी लगडलेल्या. खाली काळकेतू तीन दगडांच्या चुलीवर एकट्यापुरती पेज शिजवत होता.

"आलीस? दिलेलं दान परत मागायला? व्रत वाया जाईल, माई."

"माझं होतं, ते मी देऊ शकत होते. नाव माझ्या एकटीचं नव्हतं."

"बरं. मग घे नाव." काळकेतू हसला. "सासऱ्यांचं नाव. मोठ्या घरची सून ना तू?"

राणीने तोंड उघडले. जे कधी केले नाही, ते कसे करावे? सून म्हणून आल्यापासून पाळलेली रीत आडवी आली. सूर्य डोंगराकडे झुकत होता.

तेव्हा तिला सासरे आठवले. नवी नवरी असताना ती माहेरच्या आठवणीने परसात रडत होती. ते आले, जोत्यावर बसले आणि म्हणाले, "सांग, सूनबाई." तिने विहीर सांगितली, चिंच सांगितली, पाळलेल्या शेळीचे खोड्याळपण सांगितले. दिवेलागण झाली, तरी ते उठले नाहीत. त्या माणसाने 'माझं नाव घेऊ नकोस' असे तिला कधी म्हटले होते?

राणीने हात जोडले. "मामंजी, तुमचा मान म्हणून आजवर गप्प राहिले. तुमचा मान म्हणूनच आता घेते."

आणि तिने हाक मारली, "शौनक."

झाडावरून ओ आली. एक नाही, या फांदीवरून, त्या फांदीवरून, शेंड्यावरून. नाव घेणारे कुणी उरले नाही, तेव्हा ज्याचे ज्याचे ते होते, त्या सगळ्यांचे पक्षी आपणहून इथे येऊन बसले होते. होडीवालीच्या पोराचे, माळ्याचे, पाळण्यातल्या तान्ह्याचे. शेंड्यावर एक पांढराशुभ्र पक्षी होता. तो ऋषींचा, हे सांगायला नको.

त्याच क्षणी नाव राणीच्या जिभेवरून पुसले गेले.

काळकेतू म्हणाला, "एक दिलास, एक ने. तुझा कोणता, त्याला हात लाव."

सगळे करडे, सगळे सारखे. पण खालच्या फांदीवर एक पक्षी मान किंचित डावीकडे कलवून बसला होता. तिचा लेक लहानपणापासून असाच बसे. आईला ओळख पटायला किती वेळ लागतो? राणीचा हात वर गेला. बोटे पिसांना लागणार, तोच तिचे फोड ठणकले आणि होडीवालीचा शब्द कानाशी आला. माझं कशाला आणशील?

एकाला हात लावला, तर बाकीच्यांना हाक मारलीच नाही असे होणार होते. राणीने हात खाली घेतला. त्या वेळी तिला किती जड गेले, ते तिचे तिला माहीत.

"हाक मी एकच मारली," ती म्हणाली. "ओ इतक्यांनी दिली. आता परत कुणाला पाठवू?"

"मग बस सूर्य बुडेपर्यंत. एकही हाती लागणार नाही. तुझाही नाही."

"नाही लागला तर नाही. पण हाक मारून एकालाच घरी नेणारी आई मला होता येणार नाही."

तिने पदर पसरला आणि डोळे मिटले. सूर्याची कड डोंगराला टेकली. पदरात काही हलके येऊन पडले. मग आणखी एक. मग पावसाच्या सरीसारखे पक्षीच पक्षी. सगळ्यांत शेवटी शेंड्यावरचा पांढरा पक्षी उतरला. राणीने डोळे उघडले, तेव्हा सूर्य मावळला होता आणि सावरीचे झाड रिकामे होते.

हाक मारलेले नाव त्याला राखता येईना, आणि काळकेतूचे बळ गेले. पेज चुलीवर करपत होती, ती उतरवायचेही त्याला सुचेना. राणीने पुरचुंडी सोडली. "संक्रांत आहे, बाबा. तिळगूळ घ्या. तुम्हाला कधी कुणी हाक मारली नाही का?"

त्याने तिळगूळ घेतला. खाली बघत म्हणाला, "मारली असती, तर हे झाड कशाला लावलं असतं?"

"मग आमच्याकडे जेवायला या. पान वाढून हाक मारते."

उजाडताच राणीने टेकडीच्या कड्यावर पदर सोडला. पक्षी आपापल्या घरांकडे उडाले. पांढरा पक्षी नगराच्या वडाकडे गेला. नाव ज्याच्या त्याच्या जिभेवर परत आले. नदीकाठी भिवरा गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने काही विचारले नाही. राणीला तिने वल्हे धरू दिले नाही. तिच्या मुलाने होडी हाकली आणि दोघे मायलेक राणीबरोबर नगरापर्यंत आले.

वडाखाली सारे नगर जमले होते. वाड्याच्या पायरीवर युवराज उभा होता, डोळे चोळत, जागा झाल्यासारखा. राजा राणीला म्हणाला, "आम्ही कुणी अजून हाक मारली नाही. आधी तू मार."

राणीने सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात हाक मारली, "शौनक."

"ओ," युवराज म्हणाला. "ओ," भिवराचा पोरगा म्हणाला. पारावरचा म्हातारा माळी फुलांच्या टोपलीतून मान वर काढून "ओ" म्हणाला, आणि बापाच्या खांद्यावरचे एक पोर, कुणी शिकवले नव्हते तरी, "ओ" म्हणाले. नगर पुष्कळ दिवसांनी हसले.

युवराज पायऱ्या उतरून आईजवळ आला. "आई, इतक्या जणांत ही हाक मलाच आहे, हे मी कसं ओळखायचं?"

"ओळखत बसू नकोस," राणी म्हणाली. "ऐकू आली, की यायचं."

त्या दिवशी राजाने वडिलांचे नाव घेऊन पिंड ठेवला, आणि कावळा लगेच शिवला. पुढल्या सोमवारी युवराज पारावर बसला आणि सांगणाऱ्याचे संपेपर्यंत उठला नाही. पंगतीला काळकेतूचे पान मांडले होते. त्याला हाक मारली, आणि तो आला.

कहाणी सरली, हाक उरली. ज्याच्या घरी जे नाव मानाने मिटून ठेवले असेल, त्याने ते आज एकदा उघड्या तोंडाने घ्यावे. घेणाऱ्याला पुण्य, ओ देणाऱ्याला आयुष्य, ऐकणाऱ्याला समाधान.