न आलेली सवाई

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. साऱ्या गावाचे मिळून एकच पेव होते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठी. ज्याच्याकडे जास्त असे, तो आपली ज्वारी तिथे ठेवी. ज्याला नड असे, तो उचली आणि सुगीला सवाईने परत करी. चार पायल्या नेल्या तर पाच आणून ओती. वरची पायली हा पेवाचा नफा. तो ठेवणाऱ्यांत वाटला जाई.

जुन्या माणसांनी दोन नियम घालून दिले होते. निम्मे धान्य कधी बाहेर जाऊ द्यायचे नाही. आणि दाणा पेवात पडल्याचे कानाने ऐकल्याशिवाय कर्ज फिटले म्हणायचे नाही.

गावात धुरपदा नावाची एकटी कुंभारीण होती. जन्मभर मडकी थापून मिळवलेली ज्वारी तिने पेवात ठेवली होती. हात थकले की ती खायची, एवढाच तिचा बेत.

पुढे पेवावर नवा राखणदार आला. जिभेवर साखर.

"निम्मं आत कुजवून काय मिळतं?" तो म्हणाला. "जितकं बाहेर, तितकी सवाई."

गावाला पटले. लोभाला पटायला वेळ लागत नाही. त्याने पेव उपसून बहुतेक ज्वारी एकट्या पाटलाला दिली. पाटलाला घोडे हवे होते.

सुगी आली, पाटील आला नाही. राखणदार त्याच्या दारी गेला.

"पाटील, सवाई?"

"आणायची, ओतायची, अन् पुन्हा मीच न्यायची. बैलांना कशाला ताप? फिटलं म्हण, अन् वाढवून पुन्हा दिलं म्हण."

राखणदाराने चावडीवर तसेच सांगितले. नफा झाला म्हणून तळाशी उरलेली ज्वारी काढून वाटली. स्वतःचा वाटा आधी घेतला. दर सुगीला हेच चालले.

धुरपदेने एकदा विचारले, "दाणा पडल्याचं ऐकू कसं नाही आलं रे?"

"म्हातारे, कान गेले तुझे," कोणीतरी म्हणाले आणि चावडी हसली.

मग धुरपदेचे हात खरेच थकले. ती टोपली घेऊन पेवावर गेली.

"आज नको, पुढल्या बाजारी ये," राखणदार म्हणाला.

"माझं मागायला मला मुहूर्त लागतो का? झाकण काढ."

झाकण निघाले. आत नुसता तळ होता.

गाव पाटलाकडे धावले. त्याच्या कणग्या रिकाम्या, घोडेही विकलेले. मग लोक काठ्या घेऊन राखणदारावर आले. धुरपदा मध्ये उभी राहिली.

"त्याला मागाहून मारा. आधी सांगा, पाटलानं दाणा आणला नाही, मग तुम्ही नफा कशाचा खाल्लात? माझ्या म्हातारपणाच्या भाकरी खाल्ल्यात. वर मलाच हसलात."

एकेकाने हातातली काठी खाली टाकली.

पंचांनी पाटलाचे आणि राखणदाराचे घर विकले. हाती आले ते मूठभर. त्या वर्षी नडलेल्याला बियाणे मिळाले नाही, निम्मे शिवार पडीक राहिले. धुरपदा रोज एका दारी जाऊ लागली. ती "वाढा" म्हणत नसे. "माझं आणा," एवढेच म्हणे. आणि घरातले लोक खाली बघत आपल्या ताटातली भाकरी आणून देत.

बोध: वसूल न झालेल्या कर्जावर जो नफा वाटतो, तो ठेव ठेवणाऱ्याच्या तोंडचा घास वाटतो.