हसनचाचांची ऐरण

"पण तिलाच का, चाचा? चार वर्षं मी येतोय, ती दीड. माझ्या निम्म्यानंही तिनं काम केलेलं नाही. मग ऐरण तिला का?"

मुतालिक मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

हसनचाचा शिकलगार सांडशीचा ढिला झालेला खिळा ठोकत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मास्तर, पायात काय घातलंय?"

"बूट. तुम्हीच सांगितलं होतं, चप्पल घालून भट्टीशी बसायचं नाही."

"डाव्या बुटाची लेस सुटलीय."

मास्तरांनी लेस बांधली. 

चाचांची भट्टी विट्याच्या आठवडी बाजारामागं. वय ऐंशीला टेकलेलं. डावा डोळा कधीचाच गेला होता, उजवाही आता दगा देऊ लागला होता. लोखंडाचा रंग दिसेना, तेव्हा माणसानं लोखंड सोडावं, असं म्हणून त्यांनी भट्टी बंद करायचं ठरवलं. हातोडे भाच्याला दिले. सांडशा ज्यानं मागितल्या त्याला. राहिली ऐरण. पावणेदोन मणांची, त्यांच्या उस्तादांच्या वेळची, वरून आरशासारखी घासलेली. ती त्यांनी त्या दिवशी एका वाक्यात देऊन टाकली.

"इंदू, एवढी ऐरण तुझ्याकडं घेऊन जा."

बस्स. ना सभा, ना नारळ.

इंदू शेवाळे ब्लाउज शिवायची. दीड वर्षापूर्वी कात्रीला धार लावायला आली होती. कात्री तयार झाली, तरी बाई उठेना. "हे घरी करता येईल का हो?" एवढंच तिनं विचारलं होतं. आता तिच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली विटांची छोटी भट्टी होती आणि ऐरणीच्या जागी एक ट्रकचा जुना जड सुटा भाग.

मास्तरांची गोष्ट वेगळी. तंत्रनिकेतनात तेवीस वर्षं धातुशास्त्र शिकवून ते निवृत्त झालेले. पोलाद किती अंशांवर कोणता रंग धरतं, ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. बंगल्यामागच्या गाडीच्या शेडमध्ये त्यांनी हौसेनं भट्टी बांधली, विजेचा पंखा बसवला, रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरण म्हणून मांडला. त्या रुळावर ठोकताना मात्र त्यांना रोज चाचांची ऐरण दिसायची. शेडमध्ये तिची जागासुद्धा त्यांनी खडूनं आखून ठेवली होती.

पेठेत बसणाऱ्याला एक गोष्ट न शिकवता कळते. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख दोन दिवस टिकतं. ते समोरच्या दुकानात गेलं, याचं वर्षभर.

"मी काय काय केलं, ते तुम्ही पाहिलंय," मास्तर म्हणाले. "कुऱ्हाड केली. अडकित्ता केला. घडी घालून घालून सुरी केली, तिच्या पात्यावर पाण्याच्या लाटा दिसतात. आणि हिनं? आकडे. टोपली टांगायचे आकडे."

"दिवाळीत मोठे केले, सर," इंदू कोपऱ्यातून म्हणाली. "पाळण्याचे."

"बघा. पाळण्याचे."

चाचा मिशीत हसले.

मास्तर पुढं सरकले. "एकच गोष्ट सांगतो, चाचा. माझे हात बघा."

त्यांनी दोन्ही हात पसरले. लग्नाचा अल्बम दाखवावा तसा एकेक डाग दाखवू लागले. "हा छिन्नीचा. हा लोखंडाच्या उडालेल्या खपलीचा. हा डोळ्याखालचा, चष्मा पुसायला काढला तेवढ्यात ठिणगी आली. इथं टेरिकॉटचा सदरा वितळून चिकटला होता. आणि मागच्या साली तो जस्त चढवलेला पाण्याचा पाइप भट्टीत घातला, पांढरा धूर छातीत गेला, दोन दिवस थंडीतापानं फणफणलो. तिसऱ्या दिवशी परत भट्टीवर. आता तिचे हात बघा. एक डाग नाही. ज्यानं काम केलंच नाही, त्याला डाग कुठून येणार?"

"इंदू, दाखव गं हात."

इंदूनं हात पुढं केले. कोळशानं काळे, पण कातडी धड. बोटांच्या टोकांवर तेवढे बारीक टोचे.

"हे कशाचे?"

"सुईचे, चाचा. शिवताना शेजारणीशी बोलत बसते ना."

चाचा खो खो हसले. मग त्यांनी स्वतःचा उजवा पंजा उघडून मास्तरांसमोर धरला. पासष्ट वर्षं आगीपाशी बसलेला हात. जाड, भेगाळलेला… आणि स्वच्छ. फक्त तळव्याच्या मधोमध एक जुना, चकचकीत पट्टा, सळईच्या जाडीचा.

मास्तर बघतच राहिले.

"एवढाच?"

"एवढाच."

"हा कशानं झाला?"

"सांगतो. आधी दोघं एकेक आकडा करा. एकाच भट्टीत. माझ्या डोळ्यादेखत."

मास्तरांना हवं होतं तेच झालं. त्यांनी सळई उचलली आणि निखाऱ्यांच्या ऐन पोटात, जिथं आग सगळ्यांत तेज असते तिथं, खुपसली. चांगली जागा आधी धरावी, हे बाजारातही खरं आणि भट्टीतही.

इंदू अजून उभीच होती. तिनं दोन्ही दारं उघडून खडा लावला, वारा आरपार जाईल असा. पाण्याची बादली उजव्या हाताला घेतली, वाळूची डाव्या. सुती लुगड्याचा पदर खोचला, केसांचा बुचडा घट्ट केला, चष्मा लावला. बुडाशी ओल दिसली म्हणून ऐरणीभोवतीची जागा फडक्यानं पुसली.

"विझवायची तयारी झाली असेल तर पेटवायचं बघा," मास्तर म्हणाले.

"झालंच, सर."

तिनं आपली सळई कडेला सरकवली. चाचा भाता फिरवू लागले.

आता खरं तर मास्तरांनी आपल्या सळईवर डोळा ठेवायचा. पण डोळा राहिला तर ना. इंदूची सळई केशरी झाली, ते त्यांनी पाहिलं. तिनं ती बाहेर काढली, सहा घाव घालून टोक निमुळतं केलं, ते घाव त्यांनी मोजले. सातवा घाव घातलाच नाही, लोखंड काळवंडायच्या आत पुन्हा आगीत दिलं, तेही पाहिलं. मनगट कसं वळतं ते पाहिलं. चाचांनी मान हलवली का ते पाहिलं. हलवली होती… की माशी हाकलली होती? मास्तर त्याच विचारात पडले.

भट्टीतून फुलबाजीसारखा आवाज आला.

पांढऱ्या ठिणग्या उडत होत्या. मास्तरांनी सळई ओढली. टोक जळून बत्ताशासारखं भुसभुशीत झालेलं. ऐरणीवर ठेवून एक घाव घातला, तर चुराच पडला. पोलाद फार तापलं की जळतं, ते पुन्हा कामाला येत नाही, हे वाक्य त्यांनी फळ्यावर तेवीस वर्षं लिहिलं होतं.

इंदू ऐरणीच्या निमुळत्या चोचीवर आपल्या आकड्याला बाक देत होती. तिनं अजून वर पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी घाईघाईनं छिन्नी लावली आणि जळकं टोक तोडून टाकलं. तुकडा ऐरणीच्या पायथ्याशी पडला. क्षणभर लाल होता, मग विझला. काळा, मुकाट, कुठल्याही भंगाराच्या तुकड्यासारखा. इंदूच्या पायाजवळच. ती आकड्यावरून नजर काढेल, तेव्हा पहिलं तेच दिसेल.

मास्तर वाकले. दिसायच्या आत तो खिशात घालायचा होता.

बोटं पोचायच्या आत सांडशीचा थंड दांडा त्यांच्या मनगटावर आडवा आला.

"सर, काळं आहे ते."

इंदूनं बोटं पाण्यात बुडवली आणि तुकड्यावर एक थेंब झटकला. चर्र झालं. थेंब उडून गेला.

मग तिनं तो सांडशीनं उचलला, वाळूत ठेवला आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. लाल लोखंडाला सगळेच भितात, काळं झालं की हात पुढं जातो. म्हणून भट्टीतलं काहीही उचलायच्या आधी उलटा पंजा जवळ नेऊन बघायचा. चाचांनी मास्तरांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

मास्तरांना वाटलं, त्यापेक्षा भाजलं असतं तर बरं झालं असतं. डाग तरी आपला राहिला असता. आता बोटं वाचली, ती तिच्यामुळं.

चाचांनी भाता थांबवला.

"माझ्या उस्तादांकडं आम्ही दोघं होतो, मास्तर. मी आणि बंडू पांचाळ. ही ऐरण तेव्हाही हीच. बंडूचा हात माझ्यापेक्षा बरा होता."

"म्हणजे किती?"

"मला झोप लागायची नाही, इतका."

"…मग?"

"मग काय. एक दिवस भाजलो. आयुष्यात तेवढा एकदा."

मास्तरांमधला शिक्षक जागा झाला. "तुमची सळई किती तापली होती?"

"माझी गार होती. तापलेली बंडूची, वरून काळी पडलेली."

"बंडूची सळई तुम्ही कशाला उचलली?"

चाचांनी वाळूतल्या तुकड्याकडं पाहिलं.

"तुम्ही हा कशाला उचलत होता?"

बाहेर कुणीतरी कोथिंबिरीचा भाव ओरडत होतं.

"आणि ऐरण?" मास्तरांनी हळू विचारलं. "उस्तादांनी ऐरण कुणाला दिली?"

"बंडूला."

"पण ती तर तुमच्याकडं…"

"हात बरा झाल्यावर मी त्याच्याकडं घण मारायला जायला लागलो. तो छोट्या हातोडीनं जागा दाखवायचा, मी तिथं घाव घालायचो. तीस वर्षं. तो गेला, तेव्हा त्याच्या बायकोनं बैलगाडीत घालून पाठवून दिली."

इंदूचा आकडा तयार झाला होता. तिनं तो पाण्यात विझवला, उलटा पंजा जवळ नेऊन पाहिला आणि भिंतीशी ठेवला. साधा आकडा. त्याचा बाक मात्र असा होता, की मास्तरांनी तिकडून नजर काढली, आणि ती परत तिथंच गेली.

दाराशी टेम्पो येऊन थांबला. इंदूचा दीर आत आला. ठोकळ्यावरच्या ऐरणीला त्यानं एकट्यानं हात घालून बघितला. ऐरण ढिम्म हलली नाही.

"कमरेत भरेल, भावजी, सोडा," इंदू म्हणाली. "एकट्याचं काम नाही ते. दोन धडधाकट माणसं हवीत."

तिनं मास्तरांकडं पाहिलं नाही. दिरानंही पाहिलं नाही. चाचांचा एक डोळा होता, तो मात्र त्यांच्यावरच होता.

"चाचा," मास्तर म्हणाले. "ऐरण ती नेणार. मग मी इथून काय नेऊ?"

चाचांनी ऐरणीच्या चोचीकडं बोट दाखवलं.

"ती बाजू."

मास्तर उभे राहिले… मग पुढं झाले, दिरासमोर आले आणि ऐरणीखाली हात घालायला वाकले.

"तसं नाही, मास्तर," चाचा म्हणाले. "नुसत्या कमरेतून वाकणारे उद्या अंथरुणात पडतात. आधी गुडघे वाकवा, मग उचला."