मार्जरीचे गुडघे

सतराव्या शतकातली गोष्ट. त्या वर्षी लंडनमध्ये कॅथलिकांच्या भीतीने भल्याभल्यांची झोप उडाली होती. पार्लमेंटाला दिवसभर एकच उद्योग. कोण छुपा कॅथलिक आहे ते हुडकायचं आणि त्याला तुरुंगात धाडायचं.

त्या दुपारी पार्लमेंटच्या सभागृहात पकडून आणली होती मेणबत्त्या विकणारी मार्जरी टिलकॉट. चर्चच्या दारातल्या संताच्या दगडी पुतळ्यापुढे ती गुडघे टेकून बसलेली दिसली, एवढाच काय तो पुरावा; मूर्तीपुढे गुडघे टेकणं ही कॅथलिकांची रीत. खरं तर ती टोपलीतून सांडलेल्या मेणबत्त्या वेचत होती. पण ऐकतो कोण?

सभागृहाचा रिवाज असा, की आरोपीने आधी गुडघे टेकायचे आणि मगच तोंड उघडायचं. मार्जरी मात्र ताठ उभी राहिली.

"गुडघे टेक!" सर हम्फ्री बॅगशॉ गरजले. तक्रार त्यांचीच होती.

"टेकेन की, साहेब. आधी एवढं सांगा, देवाखेरीज कुणापुढे गुडघे टेकले तर तो गुन्हा ना?"

"गुन्हा! शंभरदा गुन्हा!"

"मग आत्ता कुणापुढे टेकू? त्यापेक्षा तो दगडाचा संत बरा, साहेब. त्याने मला कधी 'टेक' म्हटलं नाही."

सगळं सभागृह खो खो हसत सुटलं. सर हम्फ्री मट्कन खाली बसले. सभापतींनी हसू दाबत तक्रार तिथल्या तिथे निकाली काढली आणि म्हणाले, "बाईंना बसायला खुर्ची द्या रे कुणीतरी."

"राहू द्या," मार्जरी टोपली उचलत म्हणाली. "मी आपली उभ्या उभ्याच आले होते."