संकल्पात अडकलेला श्वास

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वर टेकडीवर देवीचं देऊळ आणि त्या देवळात एक शंख. उजाडता उजाडता शंख वाजला की गावातल्या चुली पेटायच्या. शंख वाजवायची सेवा गुरवाच्या घराण्याची. गुरव देवाघरी गेला, तेव्हापासून ती त्याच्या बायकोकडे, अनसूबाईकडे आली होती.

अनसूबाई मोठी नेमाची बाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी, एकही उपास चुकवायची नाही. कुठलंही व्रत धरायचं तर आधी तळहातावर पाणी घ्यायचं, कशासाठी करतेय ते देवीला सांगायचं आणि मग ते पाणी सोडायचं. संकल्पावाचून कशाला हात लावणं तिला ठाऊकच नव्हतं.

त्या पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. देवळाच्या पायऱ्या चढताना छातीचा भाता व्हायचा. शंख तोंडाला लावला की नुसती हवा. फुस्स! खाली पाणवठ्यावर बाया हसायच्या, "आज देवीला सर्दी झाली वाटतं!"

गावचा पाटील भला माणूस. एक दिवस ओशाळून म्हणाला, "अनसूवहिनी, राग मानू नका. पण घटस्थापनेला शंख वाजला नाही, तर सेवा तुमच्या पुतण्याला द्यावी लागेल. देवीच्या दारी शंख मुका राहिलेला बरा दिसत नाही."

"खरंय, भावजी," ती म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिला घास गिळवेना. ही सेवा गेली, तर सकाळी उठायचं तरी कशासाठी?

त्याच सुमारास देवळाच्या ओवरीत एक योगिनी चातुर्मासासाठी उतरली होती. रोज सकाळी ती गावकऱ्यांना समोर बसवायची. पाठ ताठ कशी ठेवावी, श्वास सावकाश कसा घ्यावा, कसा सोडावा, ते शिकवायची. अनसूबाईची धाप बघून म्हणाली, "तूही बस की आमच्यात."

"बसते, माई. पण आधी संकल्प करायला हवा ना! काय म्हणून पाणी सोडू?"

"ते तुझं तू बघ," योगिनी म्हणाली.

झालं! अनसूबाई निघाली विचारत. आधी वैद्यबुवांकडे गेली.

"अहो, यात विचारायचं काय?" काढ्याची पुडी बांधता बांधता वैद्यबुवा म्हणाले. "माझी छाती मोकळी होवो, म्हणा. श्वास खोल गेला की अंगात तरतरी येते, झोप लागते, अन्न गोड लागतं. शरीरासाठीच तर आहे हे सगळं."

मग ती शास्त्रीबुवांकडे गेली. ते म्हणाले, "छे, छे! ऋषीमुनींनी काय धाप घालवायला हे शोधलं? योग म्हणजे जोडणं. जीव ईश्वराशी जोडायचा. देहाचं मागणं मागितलंत, की उरली नुसती कसरत."

अनसूबाईला दोन्ही पटलं आणि तिथंच घोटाळा झाला. छाती मागावी, तर देवी म्हणेल काय आपमतलबी बाई! देवीचे पाय मागावेत, तर पोटात काळजी धापेची. म्हणजे देवीशी खोटं बोलल्यासारखं. दोन्ही मागावं, तर एका पाण्यात दोन संकल्प चालतात का?

"चालतात गं," शेजारची कासारीण डोळे मिचकावत म्हणाली, "पण मग उपासही दोन धरावे लागतील हो!"

अनसूबाईनं खरंच दोन धरले. धाप आणखी वाढली.

रोज सकाळी ती ओवरीत यायची, हातावर पाणी घ्यायची. "आई, माझी छाती... नाही नाही, तुझे पाय... म्हणजे छाती बरी झाली तर तुझे पाय..." तोवर पाणी बोटांतून गळून जायचं आणि बाकीचे बसून, शिकून उठायचेही.

श्रावण सरत आला. एका सकाळी हातातलं पाणी तसंच धरून ती रडायला लागली.

"काय गं, काय झालं?" योगिनीनं विचारलं.

"काय मागायचं तेच कळेना, माई. सगळं डोकं घुसळून निघालंय."

"घसा कोरडा पडलाय?"

"पडलाय."

"मग पी ते पाणी आणि बस."

"संकल्पावाचून?"

"तान्हं मूल आईसाठी रडतं, तेव्हा भूक लागली म्हणून रडावं की आठवण आली म्हणून, असं आधी ठरवतं का? ते नुसतं रडतं. आई उचलून घेते, मग दोन्हीचं ती बघते."

अनसूबाईला हे नीटसं कळलं नाही. पण पाणी पिऊन ती बसली.

"श्वास कोंडू नकोस हं," योगिनीनं बजावलं. "येईल तेवढाच घे, हळूच सोड. आणि ते जास्तीचे उपास बंद, वैद्यांचा काढा चालू."

पहिले दिवस सगळा गोंधळच. पायाला मुंग्या यायच्या. दुधावर झाकण ठेवलं का ते आठवायचं. मधेच एक डोळा उघडून ती विचारायची, "माई, आत्ता चाललंय ते छातीचं की देवीचं?"

"मिट तो डोळा!"

रिकामं बसणं जमेना, म्हणून सुटत्या श्वासाबरोबर ती मनात देवीचं नाव घेऊ लागली. हळूहळू खांदे सैल पडले. पायऱ्या चढताना धाप लागायची, पण आता थांबलं की ओसरायचीही.

घटस्थापनेची सकाळ आली. अख्खं गाव देवळात लोटलं. अनसूबाईनं शंख तोंडाला लावला.

फुस्स!

कुणीतरी खुदकन हसलं. पाटलानं मान खाली घातली. पुतण्यानं संकोचत हात पुढे केला. अनसूबाई शंखाकडे बघत राहिली. देवी नको म्हणतेय, की छाती थांब म्हणतेय? तिला काही उमगेना. शंख देऊन टाकावा आणि सुटावं, असंही वाटून गेलं.

"भावजी," ती पाटलाला म्हणाली, "मी जरा बसते."

आणि भर गर्दीत, शंख मांडीवर घेऊन ती डोळे मिटून ताठ बसली.

"ही काय बसायची वेळ!" मागून कुणी पुटपुटलं. तिनं श्वास सोडला, त्याच्याबरोबर नाव सोडलं. सावकाश श्वास घेतला. पुन्हा सोडला. लोकांची कुजबुज दूर दूर गेली. मग ती उठली आणि जोर न लावता, ओवरीत रोज सोडायची तसाच श्वास तिनं शंखात सोडला.

शंख वाजला. पूर्वीइतका लांबला नाही, पण असा खणखणीत, की खाली गावात गुरं कान टवकारून उभी राहिली.

"बघा, छाती मोकळी झाली!" वैद्यबुवा आनंदानं ओरडले.

"बघा, जीव जोडला गेला!" शास्त्रीबुवांनी डोळे पुसले. मग दोघं तिच्याकडे वळले. "तुम्हीच सांगा अनसूबाई, कशानं झालं?"

अनसूबाई गोंधळून हसली. "श्वासावर तिचं नाव होतं, की नावावर माझा श्वास, ते मला अजून कळलं नाही हो. पण तुम्ही दोघं जरा बाजूला सरका बघू. आरती खोळंबलीय."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच, की योग देहासाठी की देवासाठी, याचा निवाडा होईपर्यंत अडून राहू नये. रोज थोडं श्रद्धेनं बसावं. देहही सावरतो आणि मनही देवापाशी टेकतं.